लघुपट करताना खरी सुधारणा कशामुळे होते? (पुण्यातले विद्यार्थी, इकडे या)

टेकडीवाली
मंडळी, नमस्कार. मी पुण्यातल्या एका कॉलेजात फिल्म शिकते, हे शेवटचं वर्ष. कॉलेजं सुरू झाली की "लघुपट करायचाय, कॅमेरा कुठला घेऊ?" असा एक तरी धागा निघतो आणि खाली सगळे प्रतिसाद कॅमेऱ्यांवरच पडतात. आमच्या बॅचच्या फिल्म पहिल्या वर्षापासून आजपर्यंत कशाकशामुळे बदलत गेल्या, हे मी सगळ्यांशी बोलून ताडून पाहिलं. कॅमेरा बराच खाली गेला. सगळ्यांत वर आलं ते ऐकणं. म्हणून हा धागा.

आता आम्ही जागा बघायला जातो ते शूट ज्या वेळी असणार त्याच वेळी. कॅमेरा बॅगेत राहतो आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. पेठेतला वाडा कितीही देखणा असो, सकाळी तिथे पाण्याची मोटर असते, घंटागाडी येते, चार घरांतले कुकर लागलेले असतात. एप्रिल-मेमध्ये कोकीळ. एका टेकमध्ये तो वाक्याच्या सुरुवातीला ओरडतो, दुसऱ्यात शेवटी. हे दोन टेक जोडले की त्याची तान मध्येच तुटते आणि प्रेक्षकाला कट चक्क ऐकू येतो. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. नारायण, शनिवार पेठेत संध्याकाळी घराच्या आतसुद्धा तो ठोका पोचतो. मला तो मनापासून आवडतो. पण हळू आवाजातल्या भांडणाच्या सीनखाली तो बसला, तर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही. मग एकतर सीन सकाळी घ्यायचा, नाहीतर कथाच गणपतीच्या दिवसांत नेऊन ठेवायची. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण तो ठोका मग त्या घराचा होऊन जातो.

घरात शूट असेल तर फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. किल्लीशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही, त्यामुळे फ्रिज परत सुरू करायचा राहत नाही. दुसऱ्याचं घर वापरतो आपण, त्यांचं दूध नासता कामा नये. प्रत्येक जागेवरून निघण्याआधी एक मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची (रूम टोन). संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसऱ्या खोलीची चालत नाही.

माइक महाग असण्यापेक्षा जवळ असणं महत्त्वाचं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि मागचा गोंगाट होता तिथेच राहतो. म्हणजे हजारो रुपयांचा माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावून नटापासून दहा फुटांवर उभं राहण्यापेक्षा साधा कॉलर माइक नटाच्या खिशातल्या फोनला जोडलेला बरा. फोनवर स्वतंत्र रेकॉर्डिंग करायचं, टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची आणि संकलनात टाळीवर टाळी जुळवायची. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि बोलण्याचा सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या (शून्य ही वरची मर्यादा), म्हणजे नट अचानक ओरडला तरी फाटणार नाही.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नट काय करतोय हे दिसतच नाही. ती वेळ जेवणाला द्यावी. वाड्याच्या चौकात मात्र त्याच वेळी भिंतींवरून परतून आलेला मऊ उजेड ओसरीवर पसरलेला असतो, तिथे उजेड चेहऱ्याकडे वळवायला थर्माकोलची एक शीट पुरते. घरातल्या दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरताना दिसतात, त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फोन आपल्या मनाने बऱ्याचदा सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटर लावतो, ते जुळत नाही. २५ फ्रेम आणि १/५० शटर लावा, पट्टे बहुधा जातात.

शेवटी एक पुणेरी गोष्ट. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. त्याच जागेत १९६० पासून आजची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) आहे. प्रभातचे विष्णुपंत दामले मूळचे रंगकाम आणि नेपथ्य करणारे. बोलपट आले तेव्हा त्यांनी कंपनीचा ध्वनिमुद्रण विभाग हातात घेतला, आणि पुढे फत्तेलालांबरोबर १९३६ चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. आवाजाची बाजू सांभाळलेला माणूस दिग्दर्शक झाला, ही या गावातली गोष्ट आमच्या वर्गात मला कुणी सांगितली नव्हती. एफटीआयआय ज्या रस्त्यावर आहे त्या लॉ कॉलेज रोडवरून जाताना आता दरवेळी आठवते.

तुमचे अनुभव लिहा. मतभेदही चालतील.

पहिलं_वर्ष
ताई, खूप उपयोगी. वाचनखूण साठवली आहे. माझी पहिली फिल्म या सत्रात करायची आहे, आई आणि मुलगा, एकच खोली. तीन प्रश्न आहेत. नट कुठून आणायचे? रस्त्यावर शूट केलं तर परवानगी लागते का? आणि पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, हे मराठीला लागू आहे का?

आवाजी
धागाकर्तीला अनुमोदन. मी बरीच वर्षं लोकेशन साउंड (शूटच्या जागेवरचं ध्वनिमुद्रण) करतो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरून वाचा.

बूम (लांब काठीवरचा माइक) वरून धरा, तोंडापासून हातभर अंतरावर, टोक छातीकडे. खालून धरला तर आढ्याचा पंखा आणि वरच्या मजल्यावरची पावलं थेट आत येतात. बूम धरणं हे पूर्ण काम आहे. जो मित्र रिकामा आहे त्याच्या हातात काठी देऊ नका, ज्याला संवाद पाठ आहेत त्याच्या हातात द्या. कोण कधी बोलणार हे त्याला आधी कळलं पाहिजे.

कॉलर माइकचा शत्रू म्हणजे कपडा. खळ घातलेली सुती साडी आणि नायलॉनचा शर्ट दोन्ही सळसळतात. कपडे ठरतात त्या दिवशीच ध्वनीवाल्याला बोलवा, ते कपडे कानाजवळ चुरगाळून ऐकू द्या. माइक आतून चिकटवायला औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी चालते, त्वचेला त्रास होत नाही.

आणि एक सवय लावून घ्या. टेक चांगला झाला पण मध्येच बस गेली, तर लगेच तिथेच, कॅमेरा बंद करून, नटांकडून तेच संवाद पुन्हा बोलून घ्या. दोन मिनिटं लागतात. नट अजून त्याच भावनेत असतो, श्वासाची लय तीच असते. महिन्याभराने डबिंगला बोलावलेला नट तोच माणूस राहत नाही. ती खोलीही तिथे नसते.

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली संवाद लावू नका. एवढं ऐका माझं.

पडद्यामागची
मी नाटकातली. कॉलेजच्या एकांकिका बसवल्या, आता मुलांच्या लघुपटांत नटांची तयारी करून घेते. धागाकर्तीचा मुद्दा मोलाचा आहे, पण क्रम मला मान्य नाही. आवाज स्वच्छ आला आणि त्यात बोललेलं वाक्य खोटं असलं, तर ते खोटं आणखी स्वच्छ ऐकू येतं. आधी लिहिणं आणि नट, मग बाकीचं सगळं.

पहिलं_वर्ष, नट पुण्यात शोधावे लागत नाहीत. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. प्राथमिक फेरीच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात जाऊन बस. मुख्य भूमिका सोड, मागे उभे असलेले चेहरे बघ. कोण नुसतं उभं राहून ऐकतंय, ते वहीत लिहून ठेव. जो रंगमंचावर खरोखर ऐकतो तो कॅमेऱ्यासमोर टिकतो.

एकांकिकेतून आलेल्या मुलांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी तयार झालेला असतो. "कमी कर, कमी कर" असं सांगितलं की ती मुलं आवाज कमी करतात आणि हेतूही कमी करतात, मग काहीच उरत नाही. त्यापेक्षा हाताला खरं काम दे. मटार सोलायला दे, सुईत दोरा ओवायला दे. काम खरं असलं पाहिजे, म्हणजे दोरा ओवला गेलाच पाहिजे. लक्ष तिकडे गेलं की वाक्य आपोआप बोलण्याच्या पट्टीत येतं. आणि तालीम शूटच्या खोलीतच कर. दारापासून पलंगापर्यंत किती पावलं आहेत हे नटाच्या अंगात बसलं की अर्धा अभिनय तिथेच झालेला असतो.

पान आणि मिनिटाचा हिशेब विसर. तो इंग्रजी टाइपरायटरच्या ठरावीक अक्षराला आणि ठरावीक मांडणीला धरून बसला आहे. देवनागरीत अक्षराचा आकार बदलला की पान बदलतं, दोन रकान्यांत लिहिलं तर आणखी बदलतं. मोठ्याने वाच आणि घड्याळ लाव. दोन वाक्यांमध्ये आई चहा गाळते असं लिहिलं असेल, तर तेवढा वेळ खरंच थांब.

टेकडीवाली
ताई, खरं काम देण्याचा मुद्दा पुढच्या फिल्ममध्ये नक्की वापरणार. क्रमाबद्दल मात्र मी माझ्या बाजूला आहे, आणि तुम्हीच मला पुरावा दिलात. मागे उभा असलेला जो मुलगा ऐकतो तो निवड, असं तुम्ही म्हणालात. मी कान म्हणते तेव्हा मला माइकपुरतं म्हणायचं नाहीये. आमच्या वर्गातली एक दिग्दर्शिका तालमीला नटांकडे पाठ करून बसते. चेहरा दिसत नसताना जे वाक्य कानाला पाठ केलेलं वाटतं, तिथे ती खूण करते. त्यातली निम्मी वाक्यं मग कागदावरूनच जातात. लेखनाची चाळणीसुद्धा तिथेच होते.

पुण्यातल्या मुलांनी लिहिलेल्या संवादांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. सगळी पात्रं एकाच पुण्यात वाढल्यासारखी बोलतात. घरमालकीण सदाशिव पेठेतली, भाडेकरू मुलगा लातूरचा, कामाला येणाऱ्या मावशी भोरच्या, आणि तिघांच्या तोंडी तीच प्रमाण मराठी. लातूरचा मुलगा हवा असेल तर लातूरच्या मुलाशी बोलावं लागतं. या शहरात तो शेजारच्या मेसमध्ये जेवत असतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत अर्धा महाराष्ट्र बसलेला आहे. त्यांच्याबरोबर जेवा, त्यांना बोलू द्या.

पडद्यामागची
हे पटलं. क्रमावर मी अजूनही अडून आहे, पण नटांकडे पाठ करून बसण्याची युक्ती मी चोरणार.

मुठाकाठ
मी माहितीपट करतो. परवानग्यांबद्दल माझ्याकडून.

घरात किंवा खाजगी जागेत मालकाची लेखी संमती घ्या, तारखा आणि वेळा लिहून. रस्त्यावर ट्रायपॉड, दिवे, माणसं जमवणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी जाऊन विचारा, कॉलेजचं पत्र बरोबर ठेवा. महापालिकेच्या बागांसाठी महापालिकेची परवानगी. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे त्यांची वेगळी परवानगी लागते आणि वेळ लागतो. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघाच. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे. सगळे करतात म्हणून चालून जातं, या भरवशावर राहू नका. खरं सांगायचं तर विद्यार्थ्यांच्या फिल्ममधला टेकडीवरचा ड्रोन शॉट मी इतक्यांदा बघितला आहे की तो नसला तर मला बरं वाटतं.

माणसांच्या संमतीबद्दल जास्त कळकळीने सांगतो. भाजीवाल्या मावशींचा चेहरा जवळून टिपताना "विचारलं होतं" एवढं पुरेसं नाही. फिल्म कुठे दाखवणार, युट्यूबवर टाकणार का, त्यांना कळेल अशा भाषेत सांगा आणि त्यांचं ते ऐकणं कॅमेऱ्यावर रेकॉर्ड करून ठेवा. पूर्ण झालेली फिल्म आधी त्यांना दाखवा. सुमित्रा भावे समाजकार्य आणि संशोधनातून चित्रपटाकडे आल्या, फिल्मचं औपचारिक शिक्षण न घेता. त्यांचा पहिला लघुपट 'बाई' १९८५ चा. ज्या बायकांबद्दल बोलायचं त्यांच्यात राहून, त्यांचं ऐकून झालेलं ते काम होतं. धागाकर्तीचा ऐकण्याचा मुद्दा मला तिथे सगळ्यांत जास्त लागू वाटतो.

कात्रीवाला
संकलकाच्या टेबलावरून.

शूटवर एकाने फक्त नोंदी ठेवायच्या. सीन, शॉट, टेक, कुठला चांगला आणि का. "टेक ३ बरा" हे पुरेसं नाही. "टेक ३, आईचं वळणं छान, शेवटचं वाक्य अडखळलं" असं लिहा. रात्री अकरा वाजता संकलनाला बसलेला मी त्या वहीवर जगतो.

डेटा तीन ठिकाणी, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, एक प्रत दुसऱ्या घरी. कॉपी झाल्यावर दोन-चार क्लिप उघडून शेवटपर्यंत चालवून बघा, मगच कार्ड पुसा. संकलनाच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका, दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याला पुरून उरते.

पहिल्या जोडणीत संगीत टाकू नका. गाणं लावलं की ढिला सीनसुद्धा घट्ट वाटतो आणि ढिलेपणा कुठे आहे ते कळायचं बंद होतं. कोरडं बघा. संवाद आणि रूम टोन, बस. नंतर ती जोडणी फिल्मशी संबंध नसलेल्या चार माणसांना दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. फोनकडे हात कधी गेला, कोण खुर्चीत कधी सरकलं, ती वेळ लिहा. नंतर "आवडली का?" असं विचारू नका. पुण्यात माणसं एकतर फार सभ्य असतात, नाहीतर कथा कशी असायला हवी होती ते सांगायला लागतात. "आईला मुलाबद्दल काय कळलं होतं?" असा प्रश्न विचारा. उत्तरावरून समजतं की तुमच्या डोक्यातली फिल्म पडद्यावर आली की नाही.

संगीत हक्कांबद्दल फार गोंधळ दिसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे जुनी रेकॉर्ड मोकळी झाली तरी चाल मोकळी असेलच असं नाही. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण एखाद्या गायकाने गायलेलं त्याचं ध्वनिमुद्रण त्या हक्कधारकाचं आहे. महोत्सव हे विचारतात. अभंग हवा असेल तर तुमच्या ओळखीतल्या कुणाकडून तरी पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि लेखी संमती घ्या. अनेकदा तेच फिल्मला जास्त शोभतं.

आणि लांबी. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा लघुपट बसतो, म्हणून तेवढी करावी असं नाही. पहिलं_वर्ष, तुझी एक खोली आणि दोन माणसं आहेत. मी तुझ्या जागी असतो तर आठ-दहा मिनिटांत काय सांगता येतं ते बघितलं असतं.

एका_मुलीची_आई
सगळं वाचलं, बरंचसं कळलं. माझी मुलगी बारावीत आहे आणि तिला हेच करायचं आहे. फिल्म स्कूलला जाणं गरजेचं आहे का? की असंच मित्रमैत्रिणींबरोबर करत शिकता येतं?

टेकडीवाली
काकू, दोन्ही रस्त्यांनी माणसं पोचलेली आहेत. शाळेत मला सगळ्यांत मोठी गोष्ट मिळाली ती सोबत. माझ्या फिल्मला बूम धरणारा, त्याच्या फिल्मला मी नोंदी ठेवणारी. ही देवाणघेवाण शाळेबाहेरही उभी करता येते, पण ती आधी उभी करावी लागते. एफटीआयआयच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, त्यामुळे बारावीनंतर लगेच तो प्रश्न येत नाही. पदवीची वर्षं तिला बघायला आणि करायला वापरू द्या. एफटीआयआय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून चित्रपट रसास्वादाचा छोटा अभ्यासक्रम घेत आले आहेत. प्रा. सतीश बहादूर यांनी पुण्यात या विषयाचा पाया घातला. संग्रहालय १९६४ पासून इथेच आहे, पी. के. नायर यांनी ते वाढवलं. तिथल्या खेळांवर लक्ष ठेवा. पिफमध्ये (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) एखादी फिल्म मोठ्या पडद्यावर बघताना तिला म्हणावं, दहा मिनिटं डोळे मिटून ऐक. कुठल्या आवाजावर सीन बदलला ते घरी येऊन लिही.

आणि काकू, घरातली एक खोली शूटला द्या तिला. फ्रिजची किल्लीवाली युक्ती तिला सांगितलीत की तुमचीही काळजी मिटेल.

एका_मुलीची_आई
खोली देईन. धन्यवाद.

पहिलं_वर्ष
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईने सांगितलं तसं त्या खोलीत जाऊन बसलो. कर्वेनगरमधलं मित्राचं घर आहे. संध्याकाळी सहाची वेळ धरली होती. बाहेर पोपटांचा थवा झाडावर उतरतो आणि सातला शेजारच्या देवळात आरती सुरू होते, स्पीकरवर. आई-मुलाच्या शेवटच्या बोलण्याला मला तीच संध्याकाळ हवी आहे, खिडकीच्या पडद्यातून येणारा तो उजेड दुसऱ्या वेळी मिळत नाही. काय करू?

आवाजी
पोपट राहू देत, ते अंधार पडला की गप्प होतात, आणि त्या घराची संध्याकाळ तशीच आहे. आरतीच्या आधी संवादाचे जवळचे शॉट संपव, खिडकीकडे तोंड असलेला नट आधी घे म्हणजे माइक खिडकीकडे पाठ करेल. दूरचे आणि न बोलण्याचे शॉट शेवटी ठेव, ते आरती चालू असतानाही घेता येतात. आरतीचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सलग तुकडा खोलीच्या आतून, खिडकी बंद करून रेकॉर्ड कर, म्हणजे संकलनात तो सगळ्या शॉटखाली एकसंध टाकता येईल. पुजाऱ्यांना भेटून वेळ नक्की विचार. गुरुवारी आणि संकष्टीला आरती लांबते का तेही विचार, आणि त्या वारी शूट लावू नको. बूम धरायला कुणी नसेल तर मला निरोप टाक, शनिवार-रविवारी मी मोकळा असतो.